घरटं सोडवणारी फणी

मी एक जुनी शिसवी फणी आहे. लहान मुलाच्या तळहातावर मावेन एवढीच. माझ्या एका बाजूला बारीक दात आहेत, उवा-लिखांसाठी, आणि दुसऱ्या बाजूला जाड, गुंता सोडवण्यासाठी. जाड बाजूला चौदा दात होते, आता बारा उरलेत. गेलेले दोन कसे गेले ते पुढे सांगेन. माझ्या फटींमध्ये हळद भरलेली दिसेल, पण ती पाहून मला भाग्यवान समजू नका. मित्रांनो, फणीत हळद असणं हे काही चांगलं लक्षण नाही. फणीत तेल असावं, चार तुटके केस असावेत.

माझा जन्म सातारा जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावी झाला. पोपट नावाचा कारागीर होता. शिसवाची चपटी फळी पायाच्या अंगठ्याशी धरायची आणि केसाएवढ्या करवतीनं एकेक दात कापत जायचं, असं त्याचं काम. माझी जाड बाजू कापताना त्याला शिंक आली आणि करवत जरा घसरली. त्यामुळे कडेच्या दोन दातांमधली फट इतर फटींपेक्षा रुंद झाली. पोपटनं मला वर धरून पाहिलं, म्हणाला, "जाऊंदे, कोण बघतंय," आणि गोडेतेलात बुडवून ठेवलं. पण बघणारे बघतातच. बाजारात तीन बायकांनी मला उचललं, त्या फटीत नख घालून पाहिलं आणि परत ठेवलं. चौथी बाई घाईत होती. तिच्या लेकीचं लग्न चार दिवसांवर आलं होतं आणि फणी-करंडा घ्यायचा राहून गेला होता. तिनं मला न बघताच पिशवीत टाकलं.

त्या लेकीचं नाव विजयमाला. तिच्या ट्रंकेतून मी नवी मुंबईत आले, कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर. एक खोली आणि स्वयंपाकघर. तिचा नवरा जोतीराम कांदा-बटाटा मार्केटात पोती वाहतो. तो घरी आला की त्याच्या आधी कांद्याचा वास आत येतो. न्हाणीच्या खिडकीत एक गुलाबी प्लॅस्टिकचा कंगवा आधीपासून राहत होता. मला पाहून तो जरा तोऱ्यातच होता. आठ महिन्यांत त्याचे निम्मे दात पडले. मी काही बोलले नाही.

विजयमालाचे केस म्हणजे सरळसोट. मला तिथं काहीच कष्ट नव्हते, वरून सोडलं की खाली यायचं. माझ्या कामाला खरा अर्थ आला तो तिच्या मुलीमुळे. मुलीचं नाव सुनयना. तिचं जावळ काढलं आणि नवे केस आले, तेव्हा घरातल्यांच्या लक्षात आलं की उजव्या कानामागे, चपटी पुरी ठेवावी एवढ्या जागेत, केस निराळेच आहेत. बाकीचं डोकं आईसारखं, रेशमी. त्या जागेत मात्र केस राठ आणि आखडलेले, काथ्यासारखे. एकेक केस स्वतःभोवतीच वळलेला. विजयमालानं पोरीला पालिकेच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बोटांनी चाचपून पाहिलं आणि सांगितलं, "जन्मखूण असते ना, तसंच हे. आजार नाही. फक्त एवढी जागा रोज विंचरायची. एक दिवसही सोडायचं नाही."

विजयमालानं तो शब्द पाळला. मित्रांनो, माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं ती. सकाळी सहाला ती पोरीला गुडघ्यांमध्ये धरून बसायची. आधी त्या जागेला तेल चोळायचं. ते केस तेल असं प्यायचे की दोनदा चोळावं लागे. मग मुळाशी डाव्या मुठीत घट्ट धरायचं, म्हणजे ओढ बसत नाही. आणि मग मला घेऊन टोकापासून सुरुवात. वरून खाली आणलं तर पोर किंचाळते, हे ती पहिल्याच आठवड्यात शिकली. टोकाचं बोटभर सुटलं की त्याच्यावरचं बोटभर. आणि खरं सांगू, तिथं चालायची ती माझी ती रुंद फटच. इतर फटींमध्ये तो केस अडकून बसायचा, त्या फटीतून मात्र वाट काढून बाहेर यायचा. ज्या खोटीपायी तीन बायकांनी मला नाकारलं, तिच्यावरच माझं पोट भरत होतं.

"चल सुनू, घरटं सोडवू," असं विजयमाला म्हणायची. त्या जागेला त्यांनी घरटं हे नाव ठेवलं होतं.

"चिमणी आली का गं रात्री?" सुनयना विचारायची.

"आली व्हती. दोन अंडी घालून गेलीया. हालू नगंस, फुटतील."

मग सुनयना खरंच हलायची नाही. वीस मिनिटं ती पाढे म्हणायची, स्वप्नं सांगायची, खो-खोत कोण कसं बाद झालं ते सांगायची. शेवटी दोन वेण्या पडायच्या. उजवी वेणी डावीपेक्षा जाड दिसायची. शाळेत मुली चिडवायच्या, पण ती खो-खोत एवढी पळायची की चिडवायला तिला आधी पकडावं लागे. मला वाटायचं, असंच चालणार. फणीला तरी याहून जास्त काय हवं असतं?

सुनयना अकरा वर्षांची झाली त्या वर्षी गौरी-गणपतीच्या आधी विजयमाला घर झाडायला निघाली. स्टुलावर चढून माळ्यावरची पातेली काढताना स्टूल डगमगलं आणि ती उजव्या हातावर पडली. मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर आलं.

पहिल्या दिवशी सकाळी सहाला सुनयना सवयीनं माझ्यासकट आईपुढे येऊन बसली. विजयमालानं डाव्या हातानं प्रयत्न करून पाहिला. पण मूठ कुणी धरायची आणि फणी कुणी चालवायची? पाच मिनिटांत पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि आईच्या कपाळावर घाम. "तुझं तू विंचर आता थोडे दिस. मोठी झालीस की," विजयमाला म्हणाली.

सुनयनानं चार दिवस विंचरलं. स्वतःच्या डोक्यामागचं स्वतःला दिसत नाही, हात अवघडतो, त्यात शाळेची घाई. पाचव्या दिवसापासून तिनं त्या जागेला रबर लावलं आणि वरून बाकीचे केस आणून झाकलं.

"विंचरलंस का?" आतून आई विचारायची.

"हो, झालं."

मी न्हाणीच्या खिडकीत कोरडी पडून होते. माझ्यावर तेलाचा थेंब नव्हता. विजयमालाला ते कळायला मला एकदा हातात घेणं पुरे होतं, पण तिनं घेतलं नाही. तिसऱ्या आठवड्यात तिनं सहज पोरीच्या डोक्यावरून डावा हात फिरवला आणि तो कानामागे थांबला. तिथं सुपारीएवढी गाठ झाली होती. तिचा चेहरा मी पाहिला आहे. तिला सगळं कळलं होतं. ती एवढंच म्हणाली, "प्लास्टर निघालं की बघू." सुपारीएवढी गाठ मी तेव्हा एका सकाळीत सोडवली असती. दोन सकाळी म्हणा फार तर.

घरात मदतीला म्हणून गावाहून बायजाबाई आल्या. जोतीरामची थोरली बहीण. त्यांना वाईट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. सकाळी सगळ्यांच्या आधी उठायच्या, भाकऱ्या थापायच्या, वहिनीची वेणी घालायच्या, पोरीच्या पानात पहिली भाकरी वाढायच्या. एका मंगळवारी त्या सुनयनाला न्हाऊ घालायला बसल्या. तिचे केस मोकळे केले, रबर काढलं आणि त्यांच्या हातातला तांब्या खाली पडला. गाठीतून आता करंगळीएवढी दोरी लोंबत होती. बायजाबाई ओल्या हातांनीच देव्हाऱ्यापाशी गेल्या आणि हळदी-कुंकवाची कोयरी घेऊन आल्या.

"विजू, जट हाय ही," त्या म्हणाल्या. "देवी आलीया पोरीच्या डोक्यात."

विजयमाला दारात उभी होती, प्लास्टरचा हात छातीशी धरून. त्या वेळी तिला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मी खिडकीतून तिच्याकडे पाहत होते. तिनं तोंड उघडलं. मग बायजाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. घरातल्या बाईनं पोरीचं डोकं असं होऊ दिलं, हे थोरल्या नणंदेसमोर कबूल करायचं तिच्या जिवावर आलं. तिनं तोंड मिटलं.

बायजाबाईंनी तेलात हळद कालवली आणि त्या गाठीत बोटांनी दाबून भरली. केसांचं ज्याला थोडं जरी कळतं तो असं कधी करणार नाही. आधीच राठ केस, त्यात ते चिकट कालवण वाळलं आणि गाठ दगडासारखी झाली. "आजपासनं हितं फणी लागायची न्हाय, कात्री लागायची न्हाय," त्यांनी सांगितलं. मग मला खिडकीतून उचललं, धुतलं, माझ्यावर हळद-कुंकू वाहिलं आणि देव्हाऱ्यात देवीच्या फोटोपुढे ठेवलं. मित्रांनो, जन्मात पहिल्यांदा माझी पूजा झाली, आणि ती मला निकामी करून झाली.

संध्याकाळी जोतीराम घरी आला. त्याला सगळं सांगितलं. तो साधा माणूस, म्हणाला, "केसच हायती न्हवं? कापून टाकू की. त्यात काय एवढं?"

बायजाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. "जोत्या, तू जन्मायच्या आधीची गोष्ट हाय. आपली चंपा. तिला बी अशीच जट आली व्हती. आबानं कोयत्यानं कापली. म्हैना व्हायच्या आत पोर तापानं गेली. माज्या मांडीवर गेली."

त्या खोटं बोलत नव्हत्या. त्या नऊ वर्षांच्या असताना त्यांच्या मांडीवर धाकटी बहीण गेली होती आणि ते दुःख त्या अजून उराशी धरून होत्या. ताप कशाचा होता हे त्यांना कधी कुणी सांगितलंच नाही. जोतीराम उठून हातपाय धुवायला गेला.

पुढच्याच आठवड्यात वसाहतीतली पाण्याची टाकी भरून वाहिली, जिना ओला झाला आणि जोतीराम त्यावरून घसरला. गुडघा भोपळ्यासारखा सुजला. त्या आठवड्यात त्या जिन्यावरून आणखी तीन माणसं घसरली होती. त्यांच्या पोरींच्या डोक्यात काय आहे, हे कुणी विचारलं नाही. पण जोतीराम लंगडत देव्हाऱ्यापुढे आला आणि "चुकलो" म्हणून त्यानं हात जोडले. त्यानंतर घरात कात्रीचं नाव निघालं नाही.

विजयमालाचं प्लास्टर निघालं. बोटं आखडली होती, पण महिनाभरात ती पीठ मळायला लागली, म्हणजे फणीही धरता आली असती. ती रोज सकाळी सहाला उठायची, देव्हाऱ्यापुढे दिवा लावायची आणि माझ्याकडे पाहायची. तिचा हात माझ्यापर्यंत यायचा आणि मला न उचलता निरांजनाकडे वळायचा. पहिल्यांदा तिला लाज वाटत होती. नवरा पडल्यावर भीती वाटायला लागली. आणि मग बायका यायला लागल्यावर सगळंच हाताबाहेर गेलं.

मंगळवारी आणि शुक्रवारी वसाहतीतल्या बायका ओटी घेऊन यायच्या. सुनयनाला पाटावर बसवायच्या, तिच्या पायांवर पाणी घालायच्या, डोकं टेकवायच्या. कुणाला मूल हवं, कुणाच्या नवऱ्याची दारू सुटायला हवी. बारा वर्षांच्या पोरीनं कुणाकुणाचं काय करावं? ती पाटावर मान खाली घालून बसायची, आणि मानेत कळ आली तरी हलायची नाही. अंडी फुटतील म्हणून न हलणारी पोर मला आठवायची. त्या दोन दिवशी शाळा बुडायची. जट लांबत गेली, पाठीवर आली, पावसाळ्यात सुकेना, वास मारायला लागली. तिच्यात उवा झाल्या आणि माझे बारीक दात समोर असून काही करू शकत नव्हते. खो-खो सुटला, कारण पळताना ती पाठीवर आपटायची. मुली बाकावर तिच्याशेजारी बसेनाशा झाल्या. वर्गबाई दोनदा घरी येऊन समजावून गेल्या. आठवीच्या सहामाहीनंतर सुनयना शाळेत गेलीच नाही.

आता दातांची गोष्ट. एका गुरुवारी दुपारी बायजाबाई फुलं आणायला गेल्या होत्या, विजयमाला गच्चीवर कपडे वाळत घालत होती. सुनयनानं मला देव्हाऱ्यातून काढलं. दोन वर्षांनी तिचे हात मला लागले. ती मोरीत बसली, खोबरेल तेलाची अख्खी बाटली त्या जटेवर ओतली आणि आईचं पाहून पाठ झालेलं सगळं केलं. मुळाशी मूठ धरली. टोकापासून सुरुवात केली. माझी ती रुंद फटच तिनं निवडली, तिला आठवत होतं. मी माझ्या परीनं सगळा जोर लावला. पण आत केस उरलेच नव्हते, नुसता लगदा होता. ती रडत ओढत राहिली. कट असा आवाज झाला आणि फटीच्या एका बाजूचा दात गेला. तिनं पुन्हा ओढलं आणि दुसऱ्या बाजूचाही गेला. मला वाटलं होतं की मी हिच्यासाठीच घडले आहे. त्या दुपारी मी तिला एक केससुद्धा मोकळा करून देऊ शकले नाही.

तिनं ते दोन दात वेचले आणि माझ्यासकट देव्हाऱ्यात परत ठेवले. बायजाबाई आल्या, त्यांनी पाहिलं आणि गालांवर हात मारून घेतले. "बघा, देवीनं फणीचं दात पाडलं." विजयमालानंही पाहिलं. माझं अंग तेलानं निथळत होतं, मोरीत रिकामी बाटली आडवी पडली होती. तिनं ती बाटली उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि पदरानं मला पुसलं.

समोरच्या दारात शर्मिला राहते, दवाखान्यात सिस्टर आहे. त्यांचं कुटुंब कोकणातलं, बौद्ध. देवीच्या ओटीला ती कधी आली नाही, पण सुनयनाला लहानपणी तिनं कडेवर खेळवलेलं. एकदा बायजाबाई खाली गेल्याचं पाहून ती आली. दारातच उभी राहून म्हणाली, "वहिनी, हे केस आहेत. विंचरले नाहीत की कुणाचेही असे होतात. पेशंटचे होतात, आमी रोज बघतो. मी अर्धा दिवस सुट्टी टाकते, दोघी मिळून बसू. नाय सुटली तर कापू. टेन्शन नका घेऊ, केस परत येतात."

सुनयना आत स्वयंपाकघरात होती. तिनं पुस्तकाचं पान उलटायचं थांबवलं होतं.

"वन्संना विचारते," विजयमाला म्हणाली.

"त्यांना नका विचारू. तुमची मुलगी आहे."

"विचारते," विजयमाला पुन्हा म्हणाली आणि तिनं दार लावलं. इतकं हळू लावलं की कडीचासुद्धा आवाज आला नाही. आत पान उलटल्याचा आवाज आला.

सुनयना चौदा वर्षांची झाली तेव्हा बायजाबाईंनी जोतीरामला बसवून सांगितलं की पोर आता मोठी झाली, देवीची वस्तू घरात ठेवून चालणार नाही. चैत्री पौर्णिमेला तिला देवीच्या ठाण्यावर पोचवायची. तिथं एक जोगतीण आहे, तिच्याजवळ राहील, देवीची सेवा करील. तिचं लग्न नाही, शाळा नाही. मला, म्हणजे फणीलाही, तिथंच देवीच्या पायाशी सोडायचं ठरलं. जोतीरामनं बराच वेळ आपला गुडघा चोळला आणि मान डोलावली. त्या दिवशी तो जेवला नाही, पण नाही असंही म्हणाला नाही.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी बायजाबाई नारळ आणायला गेल्या होत्या. सुनयना पिशवी भरत होती. विजयमाला तिच्या मागे येऊन बसली आणि तिनं पोरीला गुडघ्यांमध्ये ओढून घेतलं, पूर्वीसारखं. जटेवर हात ठेवून ती बसून राहिली. मग एकदम बोलायला लागली.

"सुनू, माझा हात मोडला व्हता गं. देवी न्हाय न् काय न्हाय. मी विंचरलं न्हाय म्हणून झालं ह्ये. मला तवाच कळलं व्हतं. सुपारीएवढंच व्हतं."

सुनयना वळली नाही. "मला माहितीये, मम्मी."

"तुला ठावं व्हतं?"

"मी खोटं बोलायचे ना तेव्हा, विंचरलं म्हणून. मला माहीत नसणार का?"

"मग बोलली का न्हाईस कदी?"

"कोण ऐकणार होतं माझं? तू बोलशील म्हणून थांबले होते."

एवढं बोलून ती परत कपड्यांच्या घड्या घालायला लागली. विजयमाला उठली. ओट्याच्या खणात कात्री होती, रोज दुधाच्या पिशव्या कापायची. तिनं खण उघडला. देव्हाऱ्यातून मला सगळं दिसत होतं. मित्रांनो, मी देवीच्या इतकी जवळ बसले होते, म्हणून मीच तिला म्हटलं, आई, हिच्या हाताला बळ दे. त्यानंतर जिन्यात बायजाबाईंच्या चपलांचा आवाज आला आणि विजयमालानं खण बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली जीप आली. सुनयनाला हिरवं लुगडं नेसवलं होतं, ते तिच्या अंगावर धड बसत नव्हतं. वसाहतीतल्या बायका जिन्यापासून दारापर्यंत उभ्या होत्या. एकेक जण वाकून तिच्या पायांना हात लावत होती. बायजाबाईंनी डोकं टेकवलं. जोतीराम दुखऱ्या गुडघ्यानं वाकला. शर्मिला आपल्या दारात हाताची घडी घालून उभी होती, तिचे डोळे लाल झाले होते. शेवटी विजयमालाची पाळी आली.

"मम्मी, तू नको ना," सुनयना हळूच म्हणाली. "प्लीज. तू नको."

सगळ्या बायका पाहत होत्या. विजयमाला वाकली आणि तिनं आपल्या पोरीच्या पायांवर डोकं ठेवलं.

मी तेव्हा बायजाबाईंच्या पिशवीत होते, नारळाशेजारी. सुनयनानं पिशवीत हात घातला, मला काढलं आणि आईच्या हातात दिलं. "ही राहू दे इथं," ती म्हणाली. "तुझे केस तरी विंचर." बायजाबाई काही बोलणार होत्या, पण देवीच्या पोरीला अडवायचं कसं, म्हणून गप्प राहिल्या. तिच्या पायाशी डोकं ठेवणाऱ्या एवढ्या बायकांमध्ये तिचं ऐकलं गेलं ते एवढंच.

याला आता दोन महिने झाले. मी परत न्हाणीच्या खिडकीत आहे. विजयमाला अजूनही सकाळी सहाला उठते आणि मला घेऊन भिंतीला टेकून बसते. तिचे स्वतःचे केसही आता गळायला लागलेत, ते ती विंचरत नाही. पिनेच्या टोकानं ती माझ्या फटींमधली हळद कोरून काढत बसते, वीस मिनिटं. पाच-सहा फटी साफ झाल्यात. त्यात काय उपयोग आहे, ते तिलाही माहीत नाही. परवा तिनं शर्मिलाला जिन्यात थांबवून विचारलं, देवीच्या ठाण्याच्या गावाला एसटी किती वाजता सुटते. शर्मिलानं वेळ सांगितली. ती वेळ होऊन गेली तेव्हा विजयमाला मला मांडीवर घेऊन बसलेली होती.

मित्रांनो, तुमच्या घरात, तुमच्या वर्गात एखाद्या डोक्यावर अशी निराळी जागा असेल तर तिची काळजी घ्या. आधी तेल लावा. मुळाशी मूठ धरा, जाड दातांची बाजू घ्या आणि टोकापासून सुरू करा. वीस मिनिटं लागतात, जास्त नाही. तुमचा हात मोडलेला असेल तर दुसऱ्या कुणाला हाक मारा, समोरच्या दारात कुणीतरी राहत असतंच. आणि त्यातूनही गाठ झाली, लोक हळद-कुंकू घेऊन धावत आले, तर तेव्हाच, सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं सांगा की विंचरलं नाही म्हणून झालं. चार शब्द आहेत. विजयमालाला ते बोलायला तीन वर्षं लागली, आणि बोलली तेव्हा ते ऐकायला खोलीत तिच्या मुलीशिवाय आणि माझ्याशिवाय कुणी नव्हतं.